पूजेचे एकशे एक

हेमराजची रेघ म्हटली की कारखान्यात मॅनेजरही वाद घालत नसत. मोहन नगरहून रोज येणारा हा माणूस शिकलेला बारावीपर्यंत, पण सव्वीस वर्षं लोखंड वितळवायच्या भट्टीच्या आतल्या अस्तराची जाडी दर शनिवारी मोजून वहीत लिहीत होता. मग आलेखाच्या कागदावर ठिपके मांडायचे, रबरी पट्टी वाकवायची आणि त्यांच्यामधून एक वळणदार रेघ ओढायची. झिजलेलं अस्तर कधी बदलायचं, ते त्या रेघेवर ठरे.

जूनमध्ये उन्नती आली. नेहरू नगरची, नुकती इंजिनियर झालेली. तिनं हेमराजच्या नऊ वर्षांच्या वह्या लॅपटॉपमध्ये भरल्या, प्रोग्रामिंगच्या एका लायब्ररीला, म्हणजे आयत्या प्रोग्रामांच्या संचाला, समीकरण दिलं, चार ओळी लिहिल्या, आणि चहा निवायच्या आत पडद्यावर रेघ हजर. सगळे तिच्याभोवती गोळा झाले. त्यात दयारामही होता. रोज हेमराजच्याच स्कूटरवर मागे बसून येणारा, भट्टीच्या तोंडाशी राबणारा दयाराम! तोही "भारी आहे बाप्पा" म्हणाला, आणि हेमराजच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पण रेघ शेवटाशी चुकली होती. हेमराजला ते पाहताक्षणी कळलं. सप्टेंबरात विश्वकर्मा पूजेला कारखाना बंद असे. भट्टीबरोबर वहीचीही पूजा होई. हळदकुंकू लावलेलं पान कोरं कसं ठेवायचं, म्हणून हेमराज जाडीच्या रकान्यात शकुनाचे एकशे एक लिहायचा. खरी जाडी तेव्हा साठ मिलिमीटरच्या आसपास असे. हेमराजच्या रेघेप्रमाणे दरवर्षी पूजा झाली की अस्तर निघायचंच, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नसे, आणि रेघ काढताना तो स्वतः तो ठिपका मांडतच नसे. लायब्ररीला पूजा काय माहीत? तिनं नऊही एकशे एक खरे मानले आणि रेघेची शेपटी वर उचलली, म्हणजे अस्तर होतं त्याहून जाड दिसलं.

हेमराज बोलला नाही. पडू दे तोंडघशी, असं त्याला वाटलं, आणि तसं वाटून बरंही वाटलं. शिवाय सांगायचं म्हणजे आपल्याच वहीत खोटे आकडे आहेत हे कबूल करणं आलं.

ऑगस्टअखेर मॅनेजरांनी ठरवलं की नव्या रेघेप्रमाणे यंदा अस्तर दिवाळीनंतर बदलायचं. त्या संध्याकाळी स्कूटर गतिरोधकावर उडाली तसा दयारामनं नेहमीसारखा हेमराजचा खांदा धरला. पातळ अस्तर फुटलं, तर वितळलेलं लोखंड आधी कुणाच्या अंगावर येणार, हे हेमराजला कुणी सांगायची गरज नव्हती.

सकाळी तो उन्नतीच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला.

"मॅडम, ते एकशे एक काढून टाका. पूजेचे आहेत ते. मीच लिहून राहिलो होतो."

"काका, आधी कावून नाही सांगितलं?"

हेमराज वही उघडून पूजेची पानं दाखवू लागला. तिनंही जास्त ताणलं नाही. नऊ आकडे पुसून प्रोग्राम पुन्हा चालवला, आणि छापून आलेला कागद हेमराजच्या कागदावर ठेवून दोन्ही खिडकीच्या काचेला लावले.

"पाहा, तुमचीच रेघ आली," ती मनापासून खूश होऊन म्हणाली.

अस्तर पूजेनंतरच निघणार, हे त्याच दिवशी ठरलं. दयाराम वाचला होता, हेमराजला हलकं वाटायला हवं होतं. पण तो काचेशीच उभा राहिला. कुठे केसभर तरी फरक सापडतो का, ते त्यानं चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिलं. सव्वीस वर्षांची रेघ दोन मिनिटांच्या रेघेखाली अशी बसली होती, की ती दिसतच नव्हती.