नव्या प्लेटा टाकल्या, तरी बापूंची गाडी चढ चढेना

मागच्या रविवारी तांड्यावर घरी गेले तेव्हा बापू, म्हणजे माझे वडील, अंगणात त्यांच्या बाइकजवळच उभे होते. मी पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाले, "बेटा, क्लच अजूनही स्लिप होऊन राह्यला."

खरं सांगू, मला रागच आला. गाडीचा नाही... स्वतःचा. मी आयटीआयला मोटार मेकॅनिक केलेलं, यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये दिवसभर गाड्याच खोलते. आणि मागच्या खेपेला याच अंगणात बसून बापूंच्या गाडीत क्लचप्लेटा, स्प्रिंगा, केबल... सगळं नवं मीच टाकलं होतं.

आमचा तांडा मुकुटबनपासून बराच आत आहे. डांबरी रस्ता सोडून तांड्याकडे वळलं की एक मोठा चढ लागतो. नेमकं तिथेच इंजिन नुसतं ओरडायचं, ॲक्सिलरेटर कितीही पिळला तरी गाडी पुढे सरकायची नाही.

तांड्यात कोणी आजारी पडलं, कोणाला बस गाठायची असली, की आधी बापूंची गाडी निघते. त्याच आठवड्यात शेजारच्या गरोदर सुनेला दवाखान्यातून परत आणताना बापूंना तिला चढावर उतरवावं लागलं... ती बिचारी पायी चढली. हे सांगताना बापू माझ्याकडे बघत नव्हते.

मग बसले खोलून. पहिला संशय ऑइलवर. कारचं ऑइल पडलं तर बाइकच्या प्लेटा घसरतात... पण ऑइल मीच आणलेलं, बाइकचंच होतं. कव्हर काढलं. प्लेटांचा क्रम बरोबर, स्प्रिंगाही सारख्या. फक्त प्लेटा काळ्या पडायला लागल्या होत्या आणि जळका वास येत होता.

इतक्या नव्या प्लेटा जळतात कशा? याडी, म्हणजे माझी आई, चहा ठेवून गेली. तो तसाच थंड झाला.

मग हँडलकडे लक्ष गेलं. क्लचच्या लिव्हरला थोडी ढील ठेवावी लागते, रुपयाचं नाणं बसेल एवढी. ती नसली तर क्लच कायम थोडा दाबलेलाच राहतो आणि प्लेटा घासून घासून जळतात. मी ढील बरोबर ठेवून गेले होते. आता मात्र केबल तारेसारखी ताणलेली, ती सैल-घट्ट करायचा ॲडजस्टर पार बाहेर आलेला.

केबल वापरून सैल होते... आपोआप घट्ट होत नाही. पण तेव्हा मी त्यावर फार विचार केला नाही. प्लेटा काचकागदाने घासून साफ केल्या, सगळं परत बसवलं, ढील दिली. याडीला मागे बसवून चढावर फेरी मारून आले. गाडी एका दमात वर! मनात म्हटलं, चला, सुटला प्रश्न.

हात धुऊन बाहेर आले, तर बापू वाकून त्याच ॲडजस्टरचा नट फिरवत होते.

"बापू, काय करून राह्यले?"

ते दचकले. "काही नाही. तू लिव्हर ढिलं ठेवलं. मले पुरं दाबल्या जात नाही."

"काहून? नवी केबल हाये, हलकी हाये."

मी त्यांचा डावा हात हातात घेतला आणि मूठ मिटायला सांगितली. अंगठा आणि त्याच्या बाजूची बोटं अर्ध्यावर येऊन थांबली... पुढे जाईनात. केबल ताणून ठेवली की लिव्हर जरासं दाबलं तरी गिअर पडतो. बापूंनी आपल्या हाताला जमेल तशी गाडी करून घेतली होती.

"कधीपासून?"

"कापूस येचणं सुरू होतं तवापासून. सकाळी तं बोटं सुन्नच रायतात."

याडी दारातून म्हणाली, "तरीच! शर्टाची बटनं मले लावाले सांगते. म्हणे, घाई हाये."

"मले सांगतलं काहून नाही, बापू?"

"तू गाडी बंद करशीन म्हणून."

आणि खरंच, मी तेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना यवतमाळला डॉक्टरांकडे घेऊन गेले. मनगटात नस दबली आहे, छोटं ऑपरेशन करावं लागेल, पण वेळ गेलेली नाही, असं डॉक्टर म्हणाले. बापूंनी एकच प्रश्न विचारला, "गाडी चालवता येईन का?" डॉक्टर हसले. "येईल. पण तोवर मागे बसायचं."

परतीच्या बसमध्ये बापू खिडकीशी बसले होते. बस निघाल्यावर आपणहून म्हणाले, "बेटा, डाव्या कानानंबी थोडं कमी ऐकू येते." थोड्या वेळाने गुडघ्याचं सांगितलं. मग दाढेचं... मी मान हलवत राहिले. मध्येच बोलले तर थांबतील, ही भीती. पांढरकवडा आलं तरी त्यांचं सांगणं सुरूच होतं.

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. तोवर गाडी चालवणार नाही, असं बापूंनी कबूल केलंय. लोहाऱ्याला परतताना गाडी सोबत आणावी, असं क्षणभर वाटलं होतं... नाही आणली. अंगणातच आहे, आणि चावी बापूंच्याच खिशात. मी मागितली नाही.