आमची पिन न्यारी

सोलापुरातल्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या गृहस्थांनी आजवर कुणाला सरळ नाही म्हटलेलं नाही. कुणी चार्जर मागितला की ते खुर्चीतून अर्धवट उठायचे, चष्मा कपाळावर सरकवून समोरच्याच्या मोबाईलचं बूड बघायचे आणि घरात मयत झाल्यासारखं तोंड करायचे. "दिला असता की ओ, पण आमची पिन न्यारी हाय." ती न्यारीच राहावी म्हणून जुना मोबाईल त्यांनी रबर लावून जपला होता.

सरकार सगळ्या मोबाईलना एकच पिन सक्तीची करणार, ही बातमी मीच त्यांना वाचून दाखवली. "लई चांगलं केलं की सरकारनं," म्हणाले, आणि जुन्या मोबाईलवर आणखी एक रबर चढवलं.

पुढं जुन्या मोबाईलनं मान टाकली. नवा घेतला, तर त्याला आमच्यासारखीच पिन. तेव्हापासून ते चार्जर घरीच ठेवून येतात. साहजिकच दुपारी त्यांचा मोबाईल बंद पडतो आणि अकलूजला दिलेली त्यांची मुलगी माझ्या मोबाईलवर फोन करते. "काका, पप्पांना द्या की जरा." पप्पा खिडकीपाशी उभे राहून नातवाचे बोबडे बोल पोटभर ऐकतात.

काल मोबाईल परत देताना त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीनकडं बघितलं आणि काळजीनं मान हलवली.

"बॅटरी लई उतरलीय की तुमची. चार्जर आणत जावा."