तीस हात खालची बुळबुळ

निजामाच्या राज्यात उर्दूतून सायन्स शिकून मी मास्तर झालो, आणि त्याच साली जावईही झालो. दोन्ही पदांचा माज एकदमच चढला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सोनारीजवळ सासरवाडीला गेलो, तर सासऱ्यांच्या नव्या विहिरीचं खोदकाम चालू होतं. तीस हात खाली, अखंड काळ्या खडकात, सुरुंगानं कडेला एक चीर उघडली होती. पाणी पाझरत होतं आणि चिरेला तांबडी बुळबुळ धरली होती. खोदणारा मुकादम म्हणाला, "जित्तं हाय ते. दगडाच्या पोटातलं."

मी शेरवानी सावरत हसलो. "ऊन नाही, वारा नाही, तिथं जगंल काय? लोखंडाचा गंज आहे तो."

"गंज खरवडला तर आठ दिवसांत परत वाढतो व्हय, मास्तर? हे वाढतंय. लई हिरींत बघितलंय म्या."

"वाढलं तर दिवसभर तुमच्या हाताखाली टोपली उचलीन." सासरे समोर उभे होते, म्हणून तोंडातून गेलं.

चीर घासून लख्ख केली. चौथ्या दिवशी पहाटे कुणी यायच्या आत मी दोर धरून उतरलो, तर कडेला तांबूस साय. रुमालानं पुसून टाकली. पाचव्या दिवशी तेच, सहाव्या दिवशी जरा जास्तच. सायन्सची अब्रू मी अशी रुमालानं झाकत होतो.

सातव्या दिवशी बायकोनं धुणं वाळत घालताना तो रुमाल सासऱ्यांसमोरच धरला. "अहो, हिरीत रोज काय पुसताय? डाग काही निघंनात."

सासरे मिशीत हसले. "जावईबापू, शेरवानी काढून ठेवा. मुकादम उद्या लवकर येतोय."

पुढं म्हातारपणी वाचलं, की जमिनीत फार खोल, खडकांच्या भेगांत, डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. काही तर लोखंडावरच गुजराण करतात. मुकादमानं मला हे फुकट सांगितलं होतं.

आठव्या दिवशी दुपारपर्यंत दगडांच्या टोपल्या उचलून माझ्या तळहातांना फोड आले. सासूबाई जेवण घेऊन आल्या. पुरणपोळीच्या ताटाकडं मी सवयीनं हात नेला.

"ते मुकादमांचं," त्या म्हणाल्या. "तुमची भाकरी गड्यांबरोबर."

मुकादमानं अर्धी पोळी मोडून माझ्या भाकरीवर टाकली. "खावा मास्तर. निम्मा ढीग अजून तसाच हाय."