समोर कॅसिनो आला तेव्हा

सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस आम्ही कार्डिफमध्ये होतो. हे हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, आणि मी कोपऱ्यावरच्या पेपरच्या दुकानात काउंटरवर. पेपर, सिगरेटी, गोळ्या, शिवाय कौन्सिलच्या लॉटरीची तिकिटं. पोहण्याच्या तलावाला छप्पर घालायला कौन्सिलने ही लॉटरी काढली होती.

एके दिवशी समोरच कॅसिनो उघडला. आमच्या वेल्श मालकांनी कपाळाला हात लावला. "बाई, आता आपली तिकिटं कोण घेणार?"

घडलं उलटंच. कायदा असा, की आधी मेंबर व्हायचं, फॉर्म भरायचा आणि दोन दिवस थांबायचं. त्यामुळे शनिवारी दुपारी सूटबूट घालून आलेली मंडळी दारातून परत फिरायची आणि हिरमुसून आमच्याकडे तिकीट घ्यायची. पहिल्या शनिवारी गठ्ठाच संपला. मालक शीळ घालत होते.

पण महिन्याभरात सगळे मेंबर झाले आणि आमची विक्री घसरली. त्याचं मला एवढं वाटलं नाही. पण दर शनिवारी न चुकता एक तिकीट घेणाऱ्या रिटायर्ड शिक्षिकाबाईसुद्धा हॅट घालून समोर शिरताना दिसल्या, तेव्हा मात्र मला राग आला. मीही फॉर्म भरला, दोन दिवस थांबले आणि यांना पाहुणे म्हणून घेऊन आत गेले.

"अहो, एकच पाउंड हं," मी बजावलं. हे रुलेटकडे गेले ते गेलेच.

बाई कोपऱ्यात हीटरला पाठ लावून सँडविच खात बसल्या होत्या. मला बघून दचकल्या.

"किती हरलात?" मी विचारलं.

"छे, मी खेळतच नाही. इथे ऊब आहे, चहा फुकट आहे. घरी एकटीसाठी हीटर कशाला लावायचा? कुणाला सांगू नका हं!"

माझा राग कुठल्या कुठे गेला. "मग शनिवारी आमच्या घरी या," मी म्हटलं. "आता दुकानात गर्दी नसते, मी लवकर सुटते. चहात आलं घालते."

त्या आल्या. येताना दुकानातून तिकीटही घेऊन आल्या. पोहे दोनदा मागून घेतले आणि मग पर्समधून पत्ते काढले. संध्याकाळपर्यंत यांनी पैशांऐवजी डावावर लावलेल्या सगळ्या काडेपेटीच्या काड्या जिंकून त्या हॅट चढवून निघाल्या. हे दारापर्यंत पोचवायला गेले आणि म्हणाले, "पुढच्या शनिवारी लवकर या!"