सालेकशाची बातमी

सकाळच्या पॅसेंजरने मी सालेकशाहून गोंदियाला क्लासला जायचो, तेव्हा बोरांची टोपली घेऊन एक बोरं विकणारी बाई रोज माझ्यासमोर बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. बसल्याबसल्या मी मोबाईल काढायचो. ग्रुपवर आलेले अपघात, भूकंप, गेलेल्या नोकऱ्या वाचता वाचता छातीत धडधडायला लागायचं आणि पुस्तक पिशवीतच राहायचं.

"का म्हनते तुया मोबाईल?" ती बोरं पुसत विचारायची. मी सगळी संकटं सांगायचो. ती ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, "अन् आपल्या सालेकशाचं का म्हनते?"

"काही नाही."

"मंग आपलं बरं चालून राहिलं!" असं म्हणत ती माझ्या हातावर दोन बोरं ठेवायची.

एका थंडीच्या सकाळी गाडी सुटली आणि मी मोबाईल काढला. गावच्या ग्रुपवर धुक्यातला फोटो आला होता, 'सालेकसा स्टेशनावर अस्वल, सावधान!' आत्ताच तर आम्ही तिथून चढलो होतो. मी मोबाईल तिच्यापुढे धरला.

ती इतकी हसली की बोरं डब्याभर सांडली. "अस्वल नोहे बापू, माया मानूस आहे तो! घोंगडं पांघरून मले सोडाले आला होता." मग फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "अस्वल चपला घालते का रे?"

पाय मी पाहिलेच नव्हते. आता घाबरवणारी बातमी आली की मी आधी त्या बातमीचे पाय पाहतो.