कारभाऱ्याचा हुकूम

ऑफिसात सगळे त्याला कारभारी म्हणत आणि त्याला तो मान वाटे. घरोघरी जाऊन रुग्ण पाहणाऱ्या नर्सचं ॲप त्यानेच बांधलेलं. ॲपने कधी जागं व्हायचं, फोनवर दुसरं काही उघडल्याने ते मागे गेलं की रुग्णाची अर्धवट नोंद कुठे जपायची, सगळे हुकूम त्याच्या एकाच फाइलमधून सुटत. तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती. घरीही तीच तऱ्हा. पंखा कितीवर ठेवायचा, हे तो बाथरूममधूनही ओरडून सांगे. बाहेरून ‘हो’ आलं की जीव भांड्यात पडे.

मग फोनच्या कंपनीने फर्मान काढलं: स्क्रीनवर उघडणाऱ्या ॲपच्या प्रत्येक खिडकीने आपलं जागणं-झोपणं आपणच सांभाळायचं, जुनी पद्धत बंद.

“रिकामटेकडे लेकाचे! चालत्या गाड्याला खीळ घालतात,” कारभारी करवादला.

बदल त्याने केला, पण हात राखून. नोंद जपायचा हुकूम जुन्याच फाइलमध्ये ठेवला. महत्त्वाचं काम आपल्या नजरेखालीच बरं!

शेजारच्या टेबलावरची, ॲप तपासणारी टेस्टर म्हणाली, “अहो, आता फोन त्या फाइलला विचारणारच नाही.”

“तिला विचारल्याशिवाय इथे पान हलत नाही,” असं म्हणून त्याने नवी आवृत्ती सगळ्यांच्या फोनवर सोडली.

लगेच तक्रारी सुरू झाल्या. लिहिताना मध्येच कुणाचा फोन आला, तो घेऊन परत यावं तर नोंद गायब. कारभाऱ्याने सगळ्यांना एकच उत्तर ठोकलं: आधी ॲप नीट वापरायला शिका.

त्या संध्याकाळी बायको तणतणतच घरी आली. तीही नर्सच.

“माझ्या नोंदी उडाल्या. एका आजोबांना तेच इंजेक्शन परत दिलं जाणार होतं, त्यांच्या सुनेने अडवलं म्हणून वाचले. बोलणी मी खाल्ली. तुमच्या ऑफिसात तक्रार केली, तर कुणी शहाणा म्हणतो, वापरायला शिका!”

त्याला दरदरून घाम फुटला. आजोबांच्या विचाराने स्वतःची मनापासून लाज वाटली. निमूटपणे लॅपटॉप उघडून त्याने नोंद जपायचा हुकूम खिडकीच्या हवाली केला.

“मला वाटलं, फोन मलाच विचारेल,” तो पुटपुटला.

“म्हणजे तो शहाणा तू!”

कपाळ पुसत सवयीने तो आत ओरडला, “पंखा पाचवर करा!”

“हो,” आतून मुलगी म्हणाली. त्याच्या डोक्यावरचा पंखा होता तसाच फिरत राहिला.

“रेग्युलेटर कधीचा बिघडलाय,” बायको म्हणाली. “आम्ही नुसतं हो म्हणतो.”