कुकरच्या शिट्ट्यांचा तपास

आधी चाचींचं नाव घेतो, मग बाकीचं. नाव म्हणजे 'चाची' एवढंच. खरं नाव छापलं तर त्या मला गल्लीत राहू देणार नाहीत. त्या दुपारी चाची माझ्या दारात उभ्या राहिल्या नसत्या, तर सहा वर्षांची एक पोर 'चोर' म्हणून गल्लीतून निघाली असती आणि निवृत्तीच्या तोंडावर माझंही काही खरं नव्हतं. ती घटना आठवली की आजही माझे हात आधी कानांकडे जातात. का, ते कळेलच.

माझं गाव समुद्रकाठी, सावंतवाडीच्या पलीकडे. दहावी कशीबशी पदरात पडली आणि शाळेला रामराम केला. पोलीस भरतीत इथं, संभाजीनगरला लागलो आणि इथलाच झालो. बायको-मुलं गावी आणि मी एका गल्लीत भाड्याच्या खोलीत. स्वभाव घाबरट. पोलिसानं असं लिहू नये, पण मागून कुणी टिफिन आपटला तरी मी दचकतो. ही गोष्ट ठाण्यात मी शेवटपर्यंत कळू दिली नाही.

गल्लीत नवीन होतो तेव्हा चाचींनीच मला ड्रम भरायला शिकवलं. आमच्याकडे नळाला पाणी ज्या दिवशी येतं तो सणाचा दिवस. पहिल्याच खेपेला माझा ड्रम भरून वाहायला लागला, तेव्हा चाची ओरडत आल्या, "अरे हवालदार, समंदर किनारे का आदमी, और पानी संभालना नहीं आता? तुम्हारे समंदर में पानी कित्ते दिन के बाद आता?"

मी म्हणालो, "रोज येतं, चाची. दिवसातून दोनदा."

"झूट! पोलीसवाला और क्या बोलेगा."

तर एके दिवशी चाची ठाण्यात आल्या, त्या कुकरचं झाकण ढालीसारखं धरून. ते ठाणे अंमलदाराच्या टेबलावर आपटून म्हणाल्या, "मेरी शिट्टी गई."

आमचे साहेब तरुण होते. हसू दाबत त्यांनी विचारलं, "किंमत काय असेल तिची?"

"कीमत की बात नक्को करो, साब. दाल गलती नहीं, और मियाँ का मुँह बंद नहीं होता."

साहेबांनी तक्रारी अर्ज घ्यायला सांगितलं आणि माझ्याकडे वळले. "हवालदार, तुम्ही त्याच गल्लीत राहता ना? चौकशी तुमच्याकडे."

गल्लीत विचारलं तर आणखी बऱ्याच घरांतल्या शिट्ट्या गेलेल्या. पद्धत एकच. बायका भांडी घासून दाराबाहेरच्या मोरीजवळ पालथी घालायच्या, काही वेळानं बघावं तर कुकर तिथंच, झाकण तिथंच, शिट्टी तेवढी गायब. शेजारी पितळेचा तांब्या असला तरी त्याला कुणी हात लावत नव्हतं. नवी शिट्टी आणली की तीही जायची. चोरीला फायदा लागतो, हे आम्ही पहिल्या वर्षी शिकतो. इथं फायदा कुणाचा, याचा विचार केला आणि मी थेट कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानदाराला गाठलं. शिट्ट्यांचा खप त्याच्याकडे वाढला होता.

"शिट्ट्या कोण चोरतंय?" मी आवाज चढवून विचारलं.

तो हात जोडून म्हणाला, "साहेब, मीपण त्यालाच शोधतोय. दिवाळीला मिठाई द्यायचीय."

मग मी सापळा लावला. स्वतःचा कुकर मोरीजवळ ठेवला आणि पडद्याआड दबा धरून बसलो. दुपारची वेळ, पोटात भाकरी. डोळा लागला तो लागलाच. उठून बघतो तर माझीही शिट्टी गेलेली!

संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. घरमालक ओट्यावरून म्हणाला, "हवालदार, तुमचा पट्टा तरी कमरेला आहे का बघा." हा घरमालक गल्लीतल्या निम्म्या खोल्यांचा मालक. माझ्या समोरची खोलीही त्याचीच. तिथं वैजापूरकडचं मेंढपाळाचं एक कुटुंब राहायला आलं होतं. बाप मेंढरं विकून चितेगावच्या बाजूला एका कंपनीत लागला. तिथं अपघात होऊन त्याचे दोन्ही हात भाजले. आई पहाटेच कामाला जायची. बाप हातांना पट्ट्या बांधून खाटेवर पडून असायचा आणि सहा वर्षांची पोर त्याच्या उशाशी. ती शाळेत जात नव्हती आणि कुणाशी बोलतही नव्हती. घरमालकाला ती खोली पुतण्यासाठी हवी होती, तो निमित्तच शोधत होता. खोली गेली असती तर या लोकांना गावी परतावं लागलं असतं, आणि बापाचा उपचार तर इथल्या सरकारी दवाखान्यात चालू.

पुढं नळाला पाणी येण्याचा दिवस आला. दारातला ड्रम धुवायचा म्हणून मी तो आडवा केला. जुनं पाणी गेलं आणि मागोमाग खळखळ करत शिट्ट्या बाहेर आल्या. काळ्या, चकचकीत, नव्या, जुन्या. गल्लीतल्या एकूण एक शिट्ट्या पोलिसाच्या ड्रममध्ये! मी वरवरचं पाणी मगानं काढत होतो, तळ कधी पाहिलाच नव्हता.

 निलंबन, खातेनिहाय चौकशी, अडकलेली पेन्शन, सगळं मला एकदम दिसलं. बायका धावून आल्या. चाचींनी कमरेवर हात ठेवले. "हवालदार भाऊ, इत्ते दिन तुमने शिट्टी का पानी पिया, और हम दाल कच्ची खाए?"

मुद्देमालाची ओळखपरेड तिथंच झाली. शिट्ट्या ओट्यावर मांडल्या. "ही माझी, हिला डाळ चिकटायची." "हात लावू नको, ती माझी, वजनावरून सांगते." एका शिट्टीवरून दोन जावांचं असं जुंपलं की मला पंच कुणाला करावं कळेना. चाचींनी आपली शिट्टी उचलली, "चालती के नहीं, देखना पडेगा" म्हणाल्या आणि घरात जाऊन डाळ चढवली.

थोड्या वेळानं चाचींच्या खिडकीतून शिट्टी झाली. मी सवयीनं दचकलो. आणि तेवढ्यात माझ्या ड्रममागं काहीतरी धपकन पडलं.

समोरची पोर होती. गुडघ्यांत डोकं घालून, दोन्ही कान दाबून बसलेली. भीतीनं परकर ओला झाला होता. मुठीत ओट्यावरून उचललेली माझीच शिट्टी. तिला ती पुन्हा पाण्यात टाकायची होती.

घरमालकानंही पाहिलं. "अस्सं! ही होय चोर? बोलवा हिच्या आईला. उद्याच्या उद्या खोली खाली."

आवाज ऐकून चाची डाळ सोडून तशाच आल्या होत्या. हातात पळी. त्यांनी पोरीकडं पाहिलं, ओल्या परकराकडं पाहिलं, मग माझ्या दारात येऊन तिच्यापुढं उभ्या राहिल्या.

"किसने बोला इसने ली? शिट्टियाँ मैंने डाली ड्रम में."

 मीच म्हणालो, "चाची, तक्रार तर तुमचीच आहे."

"हौ. मेरी शिट्टी, मैंने छुपाई, मैंने तक्रार दी. पोलीस जागता के सोता, देखना था. सोताच निकला." मग पळी घरमालकाकडं वळवली. "कुछ बोलना है?"

घरमालक दोन पावलं मागं सरकला. चाचींनी आयुष्यात इतकं उघड खोटं कधी सांगितलं नसेल. सगळ्यांना ते कळलं होतं, पण पळीसमोर उलटतपासणी घ्यायची कुणाची छाती नव्हती.

साहेबांना मी खरं ते सांगितलं. ते या वेळी हसले नाहीत. "सात वर्षांच्या आतलं मूल आहे, कायद्यानं गुन्हाच होत नाही. अर्ज निकाली काढा. आणि पोरीला ठाण्यात आणू नका." त्यांनी बाल पथकातल्या मॅडमना साध्या कपड्यांत पाठवलं.

मॅडम यायच्या आत मी शहाणपणा केला होता. पोर खाटेखाली शिरली होती. मी वाकून "का केलंस बाळा?" विचारलं, तर ती आणखी आत सरकली. मॅडमनी तिला काहीच विचारलं नाही. जमिनीवर बसल्या, पाणी मागून प्यायल्या आणि बापाशी मेंढरांबद्दल बोलत राहिल्या. बोलता बोलता बाप म्हणाला, "मॅडम, त्या दिशी ही आईसंगं डबा घिऊन आलती. वाफेचा पाइप फुटायच्या आदी कुकरवानीच आवाज आला. सूंऽऽ करून. मंग धाडकन. म्या वरडलो, ते हिनं समदं बगितलं."

खाटेखालून आवाज आला, "गार पाण्यात ठिवलं की फुटत नाय."

मी हळूच विचारलं, "मग माझ्याच ड्रममध्ये का गं?"

"तुमी पोलीस हाय. पोलिसाला भ्या नसतंय."

बाप माझ्याकडं बघायला लागला, मॅडमही. म्हटलं, आता काय लपवायचं. "मलाबी लई भ्या वाटतं गं. परवा शिट्टी झाली तवा मीबी दचकलो."

खाटेखालून डोकं बाहेर आलं. "खरं?"

"इमानं सांगतो."

ती बाहेर येऊन बापाच्या पायाशी बसली.

निघताना मॅडम ओट्यावर चाचींना आणि मला म्हणाल्या, "तिला झालेलं नुसतं आठवतं असं नाही. आवाज आला की तिच्यासाठी ते पुन्हा घडतं. हसू नका, रागावू नका, आणि 'काही होत नाही' म्हणून आवाजाजवळ ओढूही नका. पुढं काय होणार ते आधी सांगत चला. थांबवणं तिच्या हातात द्या."

मी हे डोक्यात घोळवत बसलो. चाचींनी दुसऱ्या दिवशी अंमलात आणलं. कुकर लावायच्या आधी त्यांनी दारातून पोरीला हाक मारली, "आजा अम्मा, गॅस का बटन तेरे पास. तू बोलेगी तब बंद." पोर उंबऱ्यावर आली. कुकर सूंऽऽ करायला लागला की ती "बंद!" म्हणायची आणि चाची बंद करायच्या. चाचांनी कितीतरी दिवस कच्ची डाळ खाल्ली. एकदा ते म्हणाले, "बेगम, इससे तो चोरी अच्छी थी." गल्लीतल्या बायकाही कुकर चढवला की "शिट्टी येतीया गंऽ" अशी आरोळी ठोकायच्या. पुढं पुढं घरमालकाच्या घरातूनही आरोळी यायला लागली. खोलीचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

मी सुट्टीच्या दिवशी पोरीशेजारी उंबऱ्यावर बसायचो, दोघंही कान झाकून. एक दिवस तिनं "बंद" म्हटलंच नाही. शिट्टी झाली. मी उडालो, माझ्या हातातला चहा माझ्याच पँटवर. पोरीनं माझ्याकडं पाहिलं आणि खदखदून हसली. चाची तोंड फिरवून डोळे पुसत म्हणाल्या, "प्याज तेज है." त्या दिवशी भाजीत कांदा नव्हता.

आता ती शाळेत जाते. बापाची बोटं थोडी वळतात. फटाक्यांच्या दिवसांत ती अजूनही घोंगडीत शिरते, आणि तिला तिथून कुणी ओढून काढत नाही. मोठ्या माणसाकडून खरं काढायला आवाज चढवतात, हे मला खात्यानं शिकवलं. लेकराच्या बाबतीत ते चालत नाही, हे या प्रकरणानं शिकवलं. त्याच्या बरोबरीनं खाली बसून, आपल्यालाही भीती वाटते हे सांगावं लागतं.

धाकट्या मुलीचं कॉलेज इथं सुरू झालं म्हणून निवृत्तीनंतरही मी खोली सोडलेली नाही. तिचं शिक्षण संपलं की गावी जाईन. एकटा नाही जाणार. चाची, चाचा आणि समोरचे तिघं, सगळ्यांना घेऊन जाईन. चाचींच्या उपकाराची फेड दुसऱ्या कशानं होईल असं वाटत नाही. भरतीच्या वेळी त्यांना किनाऱ्यावर उभं करीन आणि पाणी पायाला लागलं की एवढंच सांगेन, "बघा चाची. रोज येतं. दिवसातून दोनदा. पोलीस खोटं बोलत नव्हता."